पोटातल्या माशाचं तोंड

आमच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले आम्ही काही जण आता मोशीत राहतो. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत जमतो. गुडघे, साखर आणि सुना हे विषय संपले की कुणीतरी हमखास अवतारसाहेबांची गोष्ट काढतो. आमच्या सँड लॅबमध्ये एक चक्रम साहेब होते. त्यांच्याकडे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, दगड झालेला मासा होता. त्याच्या पोटात पिल्लू आहे असं त्यांच्या डोक्यात बसलं. ते बघायला त्यांनी मासा ग्राइंडरवर चढवला, घासून घासून त्याची भुकटी केली, आणि शेवटी पिल्लू नव्हतंच. "स्वतःचा मासा स्वतःच घासून खाल्ला!" या वाक्यावर गोष्ट संपते आणि सगळ्यांच्या कवळ्या दिसतात.

ही गोष्ट खोटी आहे, आणि तिचं शेवटचं वाक्य माझं आहे. कँटीनमध्ये ते पहिल्यांदा मीच म्हणालो. हशा मिळाला म्हणून पुन्हा म्हणालो. परवा एका गृहस्थांनी तेच वाक्य मलाच ऐकवलं. ते आमच्या फाउंड्रीत कधी कामालाही नव्हते. तेव्हा ठरवलं, की आता हे लिहून टाकायचं.

त्यांचं खरं नाव लिहीत नाही. फाउंड्रीत ते पगारवाल्या कारकुनाशिवाय फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. सगळे त्यांना मत्स्यावतार म्हणायचे, पुढे आळसाने नुसतं अवतार. त्यांना ते माहीत होतं आणि आवडत होतं. "पहिला अवतार आहे बे, सीनियर मोस्ट!" असं म्हणायचे. तेही कुणाला नावाने हाक मारत नसत. माणूस जे काम करी तेच त्याचं नाव, नाहीतर तो ज्या गावचा ते गाव. मी ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन, म्हणून मी 'ड्रॉइंग'. ग्राइंडरवरचे रामभाऊ मोशीहून सायकलवर यायचे, म्हणून ते 'मोशी'.

आमची पहिली भेट मला अजून जिभेवर आठवते. मी काही कामासाठी सँड लॅबमध्ये गेलो होतो. साच्याच्या वाळूत ओल किती, माती किती, हे तिथे तपासत. एक उंच, हडकुळे, केस पिंजारलेले गृहस्थ मुठीत वाळू दाबून तिचा लाडू बघत उभे होते. मला पाहिल्यावर त्यांनी टेबलावरून एक तपकिरी खडा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"चाट."

"काय?"

"चाट म्हणतो ना. घाण नाही बाप्पा ते. मी रोज चाटतो."

का कोण जाणे, मी जीभ लावली. खडा जिभेला चिकटला. ओढला तेव्हा सुटला.

"चिकटला ना?" ते टाळी वाजवून ओरडले. "हाड आहे ते! साधा दगड असता तं नसता चिकटला. जुन्या हाडाले बारीक छिद्रं असते, ते ओल ओढते. तुझ्या थुंकीत आता कोट्यवधी वर्षांचा मासा आहे, ड्रॉइंग. जा आता, कर काम!"

ते चांद्याचे, म्हणजे आताच्या चंद्रपूरचे. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकलेले. त्या विषयातली नोकरी मिळाली नाही. आमच्या फाउंड्रीला वाळू कळणारा माणूस हवा होता, म्हणून बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास चिंचवडला आले. आमच्याकडच्या खडकाचा त्यांना मनस्वी राग होता. "काय तुमचा हा काळा कातळ! नुसता जळालेला. यात मासा काय, माशी नाही सापडणार. आमच्याकडे ये, सिरोंच्याकडे. चुनखडीची पानं असते. पुस्तकासारखं उघडायचं, आत मासा!" नवीन शेडच्या पायासाठी खणलं जात होतं तेव्हा मात्र हा माणूस रोज दुपारी खड्ड्यात उतरून कातळ चाटून बघायचा. "नसतोच," म्हणत वर यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचा.

माशाचा नाद जिवंत माशांपर्यंत पोचला होता. पाण्याच्या टाकीत डास होऊ नयेत म्हणून त्यांनी गप्पी मासे सोडले होते आणि काही लॅबमध्ये काचेच्या बरणीत ठेवले होते. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, हे आमच्या मोल्डिंगमधल्या लोकांना पटेना. मासा म्हणजे अंडी, हे ठरलेलं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत अवतारसाहेब भट्टीपर्यंत पळत आले. "चला! कळा सुरू झाल्या!" पन्नासेक माणसं हातातली भाकरी हातात घेऊन लॅबच्या खिडकीला लागली. बरणीतली मादी पोट फुगवून स्थिर उभी होती. मग तिच्या खालून एक गुंडाळी सुटली, पाण्यात उलगडली आणि चक्क पोहायला लागली. "अगं बया, सुटली!" कुणीतरी ओरडलं. दुसरं आलं, तिसरं आलं. दर पिल्लाला आरोळी. एका दांडगट भट्टीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याची बायको पोटुशी होती. अवतारसाहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भिऊ नको. पद्धत जुनी आहे. टेस्टेड आहे."

ही पद्धत किती जुनी आहे, हाच त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. तो आम्हाला पहिल्यांदा कळला कुटुंब नियोजनाच्या सप्ताहात. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवलेले, गर्भ राहू नये म्हणून बायकांना लूप बसवण्याचे ते दिवस. ठरलेले डॉक्टर आले नाहीत, तेव्हा वेल्फेअरच्या साहेबांनी घाईघाईत अवतारांना उभं केलं. विज्ञानाचा माणूस, काहीतरी बोलेल. ते बोलले.

"रोहूची मादी लाखानं अंडी टाकते. पाण्यात. नर मागून येतो, वरून आपलं काम उरकतो अन् जातो. ना ओळख, ना पाळख. लाखातलं एखादं जगते, बाकीचे दुसऱ्याच्या पोटात. मग कधीतरी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, कुठल्यातरी मादीनं म्हटलं, हे बंद! अंडी माझ्या पोटात राहतील. तुले गरज असेल तं तू जवळ ये!"

शेड हसण्याने हलली.

"हसता काय? आला ना बाप्पा जवळ! त्या दिवसापासून नराले नटावं लागलं, नाचावं लागलं, मनधरणी करावी लागली. पोटात जागा थोडी, म्हणून पिल्लं थोडी. पण जे होईल ते आईच्या अंगात वाढेल, जगेल. दोन किंवा तीन पुरेत, ही काही सरकारची आयडिया नाही मित्रांनो. ही माशाची आयडिया आहे."

मागून आवाज आला, "सायेब, मग मासोळी लूप बसवत व्हती का?"

"त्यावर संशोधन व्हायचं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. वेल्फेअरचे साहेब कपाळाला हात लावून बसले होते.

त्या भाषणानंतर त्यांनी मला लॅबमध्ये नेलं आणि कपाटातून, जुन्या धोतरात गुंडाळलेला, दगड काढला. हातभर लांबीची करडी चुनखडीची लादी. तिच्यावर एक मासा आडवा झोपलेला, तोंड उजवीकडे. खवले जाड, शेपटी झाडणीसारखी, आणि पंखांना चक्क देठ. मासा इतका ताजा वाटत होता, की मी वास घेतला.

"सिलॅकॅन्थ," ते कुजबुजले. कामगारांनी पुढे त्याचा शिळाकांत केला आणि त्याला फाउंड्रीतल्या एखाद्या सीनियरसारखा मान दिला. "डायनोसॉर होते ना, त्या काळातला. गोड्या पाण्याच्या तळ्यात राहायचा. हा वंश संपला असं सगळे समजत होते, मग आफ्रिकेजवळच्या समुद्रात जिवंत निघाला. पण तो अंडी घालतो का पिल्लं देतो, हे आजही कोणाले माहीत नाही. आता इथं पाहा."

माशाच्या पोटाशी, फासळ्यांच्या आड, तांदळाच्या कणीएवढी काही हाडं ओळीने होती. दुसऱ्या, अगदी छोट्या माशाचा कणा.

हा दगड त्यांना विद्यार्थी असताना सिरोंच्याकडे मिळाला होता. त्यांच्या सरांनी बघितला आणि म्हणाले, खाल्लेला आहे. तुला पोटातलं पिल्लू वाटत असेल तर पुरावा आण, मग बोल. सर आता म्हातारे झाले होते, नागपुरात होते आणि अवतारसाहेबांना त्यांच्यासमोर पुरावा ठेवायचा होता. बस्स, एवढंच. बढती, बंगला, गाडी, कशाची म्हणून त्या माणसाला ओढ नव्हती. ही एक होती.

पुरावा काय, तर छोट्या माशाचं तोंड. मासा मासा गिळतो तो डोक्याकडून. शेपटीकडून गिळला तर पंखांचे काटे घशात अडकतात. म्हणजे गिळलेल्याचं तोंड गिळणाऱ्याच्या शेपटीकडे. रामभाऊंनी याला लगेच दुजोरा दिला. त्यांची सासुरवाड चाकणकडे, भामा नदीच्या काठी. "खरं हाय सायेब. मरळ चिरली की आतल्या बारक्याचं त्वांड खालीच असतंय." छोट्याचं तोंड आईच्या तोंडाकडे असेल, अंग गुंडाळलेलं असेल आणि हाडं पचनाने झिजलेली नसतील, तर पिल्लू. "शंभर टक्के तरीही नाही हं," अवतारसाहेब बोट वर करून म्हणायचे. "एखादा शेपटीकडूनही गिळतो. पण मग सरांपुढे बोलता येते."

पण छोट्याचं डोकं दगडात आत दडलेलं होतं. छिन्नीने काढावं तर फुटणार. एकच मार्ग होता, आणि तो त्यांनी कुठेतरी वाचला होता : दगड थराथराने घासत जायचा, प्रत्येक थराचं चित्र काढायचं, आणि शेवटी सगळी चित्रं एकावर एक ठेवून माशाला कागदावर पुन्हा उभं करायचं. मासा जातो, पण मासा कळतो.

"साहेब, एकच दगड आहे तुमच्याकडे," मी म्हणालो.

"मग? कपाटात ठेवून काय करू? पूजा?"

पॅटर्न शॉपच्या कोपऱ्यात एक मोडीत निघालेला ग्राइंडर होता. चांगल्या ग्राइंडरला दगडाची धूळ लावू दिली नसती. हा वाटेल ते खायला मोकळा होता. लोखंडी जॉब धरून ठेवणारं त्याचं चुंबक दगड धरेना, म्हणून रामभाऊंनी लोखंडी पाटावर चौकट करून दगड प्लॅस्टरमध्ये बसवला. माशाच्या डोक्याच्या बाजूला पाटावर पंचने दोन टिंबं मारली. टूलरूमची सवयच ती : कुठलाही जॉब लावताना एक कड पक्की करायची, मगच हात लावायचा. प्रत्येक चित्रावर मीही ती टिंबं काढायची, असं ठरलं.

आणि मग ते दिवस सुरू झाले. पहिली पाळी सुटली की ग्राइंडर सुरू. चाकाखाली पाणी दुधासारखं पांढरं वाहायचं. रामभाऊ हात वर करायचे, चाक थांबायचं. अवतारसाहेब ओल्या फडक्याने दगड पुसायचे, भिंग लावायचे आणि पहिल्यांदा श्वास घ्यायचे. करड्या दगडावर मोहरीएवढे तपकिरी ठिपके. ठिपक्यांतून कुणालाही काही नक्की कळायचं नाही, साहेबांनाही नाही. पण मी दगडावर पारदर्शक कागद टाकून ते ठिपके टिपायचो, आणि बाहेर माणसं वाट बघत उभी असायची.

"काय निघालं?"

"ठिपके."

"कालच्यापेक्षा जास्ती का कमी?"

बसला उशीर झाला तरी लोक थांबायचे. फाउंड्रीत दोन पार्ट्या पडल्या. 'पोटातला' पार्टी आणि 'गिळलेला' पार्टी. मोल्डिंग, भट्टी आणि आमचे रामभाऊ 'पोटातला'. मशीन शॉप आणि आम्ही ड्रॉइंगवाले 'गिळलेला'. हरेल त्या पार्टीने सगळ्या शॉपला चहा द्यायचा. युनियनच्या निवडणुकीला एवढा जोर नव्हता. संडासाच्या दारावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं : शिळाकांत गरोदर आहे. त्याखाली दुसऱ्या हाताने : शिळाकांत खादाड आहे.

याच काळात रामभाऊंनी आम्हा दोघांना मोशीला जेवायला नेलं. मरळीचं कालवण होतं. अवतारसाहेब प्रत्येक काटा चाटून ताटाच्या कडेला ओळीने मांडत गेले. फासळीशेजारी फासळी, मणक्याशेजारी मणका. आमची ताटं उचलली गेली तरी त्यांचं चाललेलंच. रामभाऊंच्या आई चुलीपाशी बसून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. "आवो, जेवताय का गोधडी शिवताय?" साहेबांनी ताट उचलून त्यांना दाखवलं. कडेला अख्खा मासा पुन्हा जमला होता. म्हातारी म्हणाली, "ह्यो आता पवायला लागंल." साहेब इतके खूश झाले, की वाकून त्यांच्या पाया पडले.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं.

ड्रॉइंग ऑफिसचे दोन रिवाज होते. पहिला असा, की गाडी असो, इंजिन असो, पंप असो, कागदावर त्याचं तोंड डावीकडे. दुसरा असा, की पेन्सिलीची कच्ची प्रत शाईने पक्की झाली, की कच्ची फाडून टाकायची. जुनं ड्रॉइंग चुकून शॉपमध्ये गेलं तर माल वाया जातो, म्हणून. हे दोन्ही माझ्या हाडात मुरलेले होते. दगडावरच्या माशाचं तोंड उजवीकडे होतं. मी कच्चा कागद पलटला, उलट्या बाजूने टिपला, आणि मोठा मासा डावीकडे तोंड करून पक्का केला. हात आपोआप चालला. छोट्या माशाचे ठिपके मात्र बारीक, म्हणून ते वेगळ्या कागदावर बारीक निबने काढले, जसं आम्ही यंत्राचा सुटा भाग काढतो तसं. ते काढताना कागद पलटला नाही. मग रिवाजाप्रमाणे कच्चे कागद फाडले.

सगळे कागद तयार झाले, त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ड्रॉइंग ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे खालून दिवे असलेलं काचेचं टेबल होतं. अवतारसाहेबांनी त्यावर एकेक कागद ठेवायला सुरुवात केली. थरावर थर. ठिपक्यांच्या रेघा झाल्या, रेघांची हाडं झाली. अंग शहारलं माझं. काचेवर मासा उगवत होता. मोठा पुरा झाला, तेव्हा टाळ्या पडल्या. मग छोट्याचे कागद. कणा. शेपटी. इवल्या फासळ्या. आणि शेवटी कवटी.

कवटी आईच्या शेपटीकडे होती.

टिंबं दोन्ही संचांवर होती, एकावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे. कुणी पाहिलं नाही. सगळे कवटी बघत होते.

अवतारसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग मोठ्याने हसले. "गिळला! गिळला बे! हरलो मी! अरे, पण सापडला तं खरा ना! कँटीनवाल्याले सांगा, सगळ्या शॉपचा चहा माझ्याकडून!" मशीन शॉपवाल्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. हरलेल्या माणसाची अशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही. तो चहा मीही प्यालो. जिंकणाऱ्या पार्टीचा होतो ना.

गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "काही थर पाहताना मले उलटं वाटत होतं, ड्रॉइंग. पण डोळ्याले जे पाहिजे ते दिसते. ड्रॉइंगले नाही दिसत." पाटावर थोडा दगड अजून उरला होता. तो त्यांनी घासू दिला नाही. "राहू दे आता." त्याच संध्याकाळी त्यांनी सरांना कार्ड टाकलं, की तुमचं खरं होतं.

काही आठवड्यांनी माझ्याच ड्रॉइंगवरून ओतलेला एक ब्रॅकेट उलटा आला. डाव्या बाजूचा हवा होता, उजव्या बाजूचा निघाला. आमची ड्रॉइंग तपासणारे चेकरसाहेब कडाडले, "अहो, अख्खी असेंब्ली पलटलीत आणि सुट्या भागाचं डिटेल तसंच ठेवलंत! पहिल्यांदा शिकताय का?" ते बोलत होते आणि मला मासा आठवत होता. मी ऑफिसच्या कपाटातून माशाचे कागद काढले. टिंबं बघितली. छोट्याचा संच पलटून ठेवला.

दोघांचं तोंड एकाच बाजूला आलं.

मी तसाच सँड लॅबकडे पळालो. साहेब बरणीतल्या गप्पींना पिठाच्या गोळ्या घालत होते. "ये, ड्रॉइंग, ये! हिले पाहा, पुन्हा पोटुशी!" मी बरणीत वाकून बघितलं. चेकरची जागा रिकामी होणार होती, आणि आधीच एक ब्रॅकेट माझ्या नावावर लागला होता. उद्या सांगू, असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी माशाचा विषय काढला, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं : स्वतःचा मासा स्वतःच घासून खाल्ला. का म्हणालो? हसण्यावारी गेलं की प्रश्न कुणी विचारत नाही, एवढंच तेव्हा कळत होतं. मला चेकरची जागा मिळाली. दोन-तीन वर्षांनी सर वारल्याचं साहेबांनीच सांगितलं.

याहून वाईट पुढे आहे. बऱ्याच वर्षांनी एके सकाळी अवतारसाहेब कुठलंसं इंग्रजी मासिक फडकवत ड्रॉइंग ऑफिसात घुसले. श्वास लागलेला, चप्पल एकाच पायात. "निघाली बे! पिल्लं निघाली!" आफ्रिकेच्या समुद्रातल्या त्या सिलॅकॅन्थची एक मादी परदेशात चिरली होती, आणि तिच्या पोटात पूर्ण वाढलेली पिल्लं होती. अंड्याची पिशवी पोटाला चिकटलेली, एकेक पिल्लू वीतभर. ते टेबलाटेबलावर जाऊन चित्र दाखवत होते. शिपायालाही मिठी मारली. मग माझ्यापाशी थांबले. "माझा दगड खोटा निघाला, पण मासा खरा निघाला! काय पाहिजे अजून माणसाले?"

त्या क्षणी नुसतं 'दगडही खरा होता' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "अभिनंदन, साहेब."

ब्याऐंशीच्या आसपास ते नोकरी सोडून चांद्याला परत गेले. जाताना तो लोखंडी पाट आणि ऑफिसच्या कपाटातली कागदांची गुंडाळी माझ्या घरी आणून ठेवली. "तुझं काम आहे, तू ठेव." गप्पी मात्र बरणीसकट बरोबर नेले, एस.टी.त मांडीवर घेऊन. पुढे ते वारल्याचं उशिरा कळलं.

गेल्या रविवारी मी रामभाऊंना घरी बोलावलं. आमची सोसायटी त्यांच्याच शेतावर उभी आहे, ते शेजारच्या बंगल्यात राहतात. काठी टेकत आले. बाल्कनीच्या काचेच्या दाराला सकाळचं ऊन लागलं होतं. मी त्यांना खुर्ची दिली, पुढ्यात तो लोखंडी पाट ठेवला, मोठ्या माशाचे कागद काचेवर चिकटवले, वर छोट्याचे धरले, आणि काही न बोलता ते पलटले. मग सांगितलं. सगळं सांगितलं, चेकरच्या जागेसकट.

रामभाऊंनी पाटावरची आपली टिंबं अंगठ्याने चाचपली. मग कागदांवरची बघितली.

"म्हंजे पोटातला व्हता."

"तोंड तरी आईच्या तोंडाकडे होतं. एवढं नक्की."

"आन तुमास्नी म्हाईत व्हतं."

"हो."

"लई वंगाळ केलंत, सायेब." त्यांनी छोट्याच्या कवटीवर बोट ठेवलं. "त्यो मानूस हसत हसत हरला वो. आन आमी बी त्याला हसलो."

मी छोट्याचे कागद उतरवायला लागलो.

"परत फिरवा बगू," ते म्हणाले.

मी छोट्याचे कागद उलटे केले. तोंड शेपटीकडे गेलं.

"आता सरळ."

सरळ केले. छोटा पुन्हा आईबरोबर पुढे बघायला लागला. रामभाऊ काठी सोडून उठले, दोन्ही तळवे कागदावर ठेवले आणि ओरडले, "चिकटवा! चिकटपट्टी आना आदी! आता ह्याला हलवू नगा!" त्यांचा आवाज त्या पॅटर्न शॉपमधल्यासारखा झाला होता. मी चिकटपट्टी लावली. त्यांनी लगेच खिशातून फोन काढला, कानाला लावला आणि मोल्डिंगच्या एका म्हाताऱ्याला, तो बहिरा आहे म्हणून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं :

"आरं, आपुन जिकलो! शिळाकांत... व्हय, व्हय, पोटातला! अवतार जिकला! डोळ्यानं बगतोय मी, ये! भट्टीवाल्याला बी घेऊन ये, समद्यास्नी सांग! ... चहा? चहा कुनाचा म्हंजे? ड्रॉइंगवाल्या सायबाचा!"

त्यांनी दुसरा नंबर लावायला घेतला. मी स्वयंपाकघरात गेलो आणि माळ्यावरून सगळ्यात मोठं पातेलं काढलं.